स्किझोफ्रेनियात मेंदूचं काय होतं, ते घरच्यांना सांगा : मनोविकारतज्ज्ञांना खुले पत्र

राज्यातील मनोविकारतज्ज्ञांस आणि त्यांच्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका शुभार्थीची, म्हणजे मानसिक आजार झालेल्या माणसाची, थोरली बहीण आहे. धाकट्या भावाला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना स्किझोफ्रेनिया हा भास आणि संशयांनी घेरणारा मनोविकार झाला. आईवडील गेल्यावर त्याची शुभंकर, म्हणजे काळजी घेणारी, मीच. शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे या आजारावर हाती लागेल ते वाचत गेले. आता आमच्या गावातल्या स्वमदत गटात नव्यानं येणाऱ्या घरांना त्यातलं जमेल तेवढं सांगते.

माझं मागणं एकच आहे, म्हणून आधीच लिहिते. या आजारात मेंदूतल्या रक्तप्रवाहाबद्दल आणि मेंदूच्या भागांमधल्या जोडणीबद्दल आजवर जे कळलं आहे, ते घरच्या माणसांना समजावून सांगा. मराठीत सांगा, आजाराचं नाव सांगाल त्याच महिन्यात सांगा. आणि ते सांगितल्याशिवाय स्कॅनची चिठ्ठी लिहू नका.

गटात पाहिलेल्या दोन घरांमुळे हे पत्र लिहायला बसले. एका मुलाला पहिल्यांदाच त्रास सुरू झाला होता. शेजारी आपल्याबद्दल बोलतात, मोबाइलमधून आपल्यावर नजर ठेवतात, असं त्याला वाटायचं. एमआरआय झाला. मेंदूत लक्षणीय दोष दिसत नाही, असं रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. काकांनी तो कागद सगळ्यांसमोर वाचला आणि म्हणाले, "डोकं ठणठणीत आहे. याला काही झालेलं नाही, कामाला लावा." गोळ्या बंद झाल्या. त्यानंतर तो मुलगा आम्हाला दिसला तो रुग्णालयातून सुटल्यावर.

दुसऱ्या घरातली आई पिशवीतून एक रंगीत चित्र घेऊन आली. पतपेढीचं कर्ज काढून तिनं ते करून घेतलं होतं. मेंदूचा कपाळामागचा भाग त्यात निळा दिसत होता. त्यावर बोट ठेवून तिनं मला विचारलं, "इथं रक्त कमी पोचतंय म्हणाले. हा भाग मेलाय का हो?" मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो म्हणून कोणीतरी दिलेलं महागडं तेल ती रोज रात्री मुलाच्या डोक्याला चोळत होती.

दोन्ही घरांत स्कॅन झाला, पण समजावून कोणी सांगितलं नाही. एका घरानं आजारच नाकारला, दुसऱ्या घरानं मुलगा बरा होईल ही आशा सोडली.

तुम्हाला ठाऊक असलेलाच इतिहास इथे लिहिते आहे, कारण तो आमच्या घरात कसा येऊन आदळतो हे तुमच्यासमोर यावं. सिमोर केटी आणि कार्ल श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात जिवंत माणसाच्या मेंदूतून किती रक्त वाहतं हे मोजण्याची पद्धत काढली. भूल देताना वापरतात तो नायट्रस ऑक्साइड वायू थोडा हुंगवायचा, आणि धमनीतल्या रक्तात तो किती आहे, मेंदूतून परतणाऱ्या रक्तात किती आहे हे पाहत राहायचं. निरोगी तरुणांत दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५४ मिलिलिटर रक्त मिळतं, असं त्यातून निघालं. मग केटींनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हीच मोजणी केली आणि १९४८ मध्ये निष्कर्ष मांडला : एकूण रक्तप्रवाह आणि ऑक्सिजनचा वापर निरोगी माणसांइतकाच.

त्याच १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांच्या लेखातून 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' ही कल्पना पुढे आली. मेंदूच्या एकूण मोजणीत काही सापडत नव्हतं आणि दोष आईच्या पदरात पडला. पुढची कितीतरी वर्षं तो तिथेच राहिला. आमच्या आईला एका नातेवाइकांनी भर समारंभात विचारलं होतं, "लहानपणी याच्याकडे लक्ष दिलं नाहीत का?" त्या प्रश्नाचं उत्तर ती मरेपर्यंत शोधत होती. डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास करून १९६८ मध्ये याच केटींनी सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं, की हा आजार रक्ताच्या नातेवाइकांत जास्त आढळतो, वाढवणाऱ्या घरात नाही. हे तिला कोणी सांगितलं असतं तर! आमच्या गटात येणाऱ्या आया आजही पहिल्या बैठकीत हाच प्रश्न विचारतात, "माझं काय चुकलं?"

एकूण रक्त सारखंच असलं तरी ते मेंदूत कुठे किती जातं, हे कळायला १९७४ उजाडावं लागलं. स्वीडनमधल्या लुंड इथे डेव्हिड इंगवार आणि योरान फ्रान्झेन यांनी किरणोत्सारी झेनॉन वायू वापरून मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला प्रवाह मोजला. निरोगी माणूस शांत पडून असताना कपाळामागच्या भागात रक्त जास्त असतं. खूप वर्षं आजारी असलेल्या रुग्णांत तिथलं प्रमाण तुलनेनं कमी आणि मागच्या भागात जास्त होतं. जे रुग्ण सर्वांत अबोल, सर्वांत निष्क्रिय, त्यांच्यात हे अधिक ठळक होतं. १९८६ मध्ये डॅनियल वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना पत्ते जुळवायला दिले. जुळवण्याचा नियम न सांगता मध्येच बदलायचा, माणसानं तो आपला आपण ओळखायचा. हे करताना निरोगी माणसांच्या मेंदूच्या पुढच्या भागात रक्तप्रवाह वाढला, रुग्णांमध्ये तसा वाढला नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या बेसिनसमोर उभा असलेला भाऊ आठवला. ब्रशवर पेस्ट लावलेली, नळ सुरू, आणि तो नुसता उभा. वडील आतून ओरडायचे, "आळशी कुठला!" दात घासायचे हे त्याला कळत होतं, घासायचे नाहीत असंही तो म्हणत नव्हता. सुरुवात होत नव्हती. कोणी बोलत नसताना ऐकू येणारे आवाज आणि संशय गोळ्यांनी बरेच ताब्यात आले, ही सुरुवात न होणं मात्र राहिलं. 'आळशी' हा शब्द घरोघरी शुभार्थीच्या वाट्याला येतो आणि त्यानं माणूस आतून मोडतो. सुरुवात न होणं, गप्प होत जाणं, याला तुम्ही निगेटिव्ह लक्षणं म्हणता आणि केसपेपरवर लिहिता. घरच्यांना ती समजावून सांगणारे फार थोडे भेटतात.

इथे जपून बोलायला हवं, हेही मला कळतं. प्रवाह कमी म्हणून सुरुवात होत नाही, की सुरुवात होत नाही म्हणून प्रवाह वाढत नाही, हे नुसत्या त्या आकड्यांवरून ठरत नाही. नंतरच्या काही प्रयोगांत सोप्या कामासाठी हाच भाग नेहमीपेक्षा जास्त राबताना दिसला. पण एक गोष्ट कोणत्याही आईला दोन मिनिटांत सांगता येते. मेंदूचा जो भाग कामाला लागतो त्याच्याकडे शरीर जास्त रक्त धाडतं. या आजारात त्या भागाच्या कामाची लय बदललेली असते, रक्तवाहिनी तुंबलेली नसते. तो भाग मेलेला नाही. तेल चोळून तिथे काही पोचवायचं नाही.

आवाजांबद्दलच्या संशोधनानं मला सर्वांत जास्त दिलं. १९९३ मध्ये लंडनमध्ये फिलिप मॅग्वायर, शहा आणि रॉबिन मरे यांनी रुग्णांना आवाज ऐकू येत असताना त्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला आणि आवाज शमल्यावर त्याच माणसांचा पुन्हा मोजला. आवाज येत असताना ब्रोकाच्या भागातला प्रवाह वाढलेला होता. हा भाग बोलण्याच्या कामाचा. आवाज बाहेरून येतो असं वाटत असतं आणि मेंदूतला बोलणारा भाग राबत असतो.

मग २००० साली सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी गुदगुल्यांचा प्रयोग केला. आपण स्वतःला गुदगुल्या केल्या तर त्या फारशा होत नाहीत, कारण हात हलवण्याआधीच मेंदू आपल्याच दुसऱ्या भागाला वर्दी देतो, की हा स्पर्श मीच करतोय. ज्यांना आवाज येतात किंवा कोणीतरी आपल्याला चालवतंय असं वाटतं, अशा रुग्णांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श सारखाच वाटला. वर्दी नीट पोचत नव्हती. मनातल्या मनात बोलताना आपण सगळेच असंच काही करतो. ते बोलणं माझंच आहे हा शिक्का त्यावर उमटला नाही, तर ते परक्याचं वाटणारच. सगळ्या आवाजांचं कोडं यानं सुटत नाही. पण आवाज येताना माझ्या भावाचे ओठ हलायचे. आई ते पाहून त्याची दृष्ट काढायची, एकदा उताराही टाकून झाला. कोणीतरी अंगात शिरून बोलतंय अशी तिची खात्री होती.

भावाला मी हा प्रयोग सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो ना?" त्याला एवढंच हवं होतं. आवाज थांबले नाहीत. पण आता तो लपवत नाही, "आज जास्त आहेत" असं मला सांगतो, आणि डॉक्टरांना काय कळवायचं ते मला कळतं.

वर्दी एका भागातून दुसऱ्या भागात जाते, म्हणून प्रश्न जोडणीकडे वळला. १९९५ मध्ये कार्ल फ्रिस्टन आणि ख्रिस फ्रिथ यांनी मांडलं, की स्किझोफ्रेनियातला बिघाड एखाद्या ठिकाणी शोधण्यापेक्षा ठिकाणांच्या आपसातल्या संवादात शोधावा. त्याच वर्षी अमेरिकेत भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की माणूस काहीही न करता पडून असला तरी मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या हालचालीच्या भागांतले रक्तातले चढउतार एका लयीत चालतात. जे भाग एका लयीत चालतात ते जोडलेले मानायचे, ही मोजणीची रीत तिथून रुळली. गटात सांगताना मी ढोलपथकाचं उदाहरण देते. प्रत्येक वादकाचा हात मजबूत आहे, ढोल ताणलेला आहे, पण ठोका जुळत नाही. काही जण एकमेकांशी गरजेपेक्षा जास्त बांधले गेलेत आणि काहींना ताशाचा इशाराच पोचत नाही. पुण्या-नाशिकचं माणूस हे लगेच समजतं.

पुढे अनेक प्रयोगशाळांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मेंदूच्या मध्यभागी थॅलेमस आहे, बाहेरची बहुतेक माहिती तिथून पुढे जाते. रुग्णांच्या गटात थॅलेमसची कपाळामागच्या भागाशी जोडणी सरासरीनं कमी आणि हालचाल-संवेदनांच्या भागांशी जास्त आढळते. २०१८ मध्ये एनिग्मा या जागतिक सहकार्यातून १९६३ रुग्ण आणि २३५९ निरोगी माणसं यांच्या मेंदूतल्या, भागांना एकमेकांशी जोडणाऱ्या पांढऱ्या तंतूंची तुलना झाली. तपासलेल्या २५ भागांपैकी २० भागांत तंतूंच्या बांधणीचं एक माप रुग्णांमध्ये सरासरीनं कमी होतं. "दहावीपर्यंत तर इतका हुशार होता हो" असं आई म्हणते तेव्हा तिला सांगता येतं, की विशीपर्यंत मेंदू नको असलेल्या जोडण्या छाटत असतो आणि पुढचा भाग सर्वांत शेवटी पक्का होतो. छाटणीत भाग घेणाऱ्या सी-४ या जनुकाचा या आजाराच्या जोखमीशी संबंध २०१६ मध्ये दाखवला गेला. दहावीतली हुशारी खरी होती आणि आजारही खरा आहे.

हे सगळे आकडे गटांच्या सरासरीचे आहेत, आणि पत्र लिहिण्याचं दुसरं कारण इथेच आहे. सरासरीत फरक असला तरी दोन्ही गटांतली माणसं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात, की एका माणसाचं चित्र हातात घेऊन त्याला स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे सांगता येत नाही. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या तज्ज्ञगटानं २०१८ मध्ये घेतलेल्या आढाव्यातही मनोविकाराच्या निदानासाठी मेंदूचं कोणतंही चित्र अजून वापरण्याजोगं नसल्याचं म्हटलं आहे. मग रक्तप्रवाहाचा रंगीत नकाशा दाखवून "हा बघा आजार" असं घरच्यांना सांगणारी केंद्रं कशाच्या जोरावर चालतात? तुमच्यापैकी काही जण तिथे रुग्ण पाठवतात. हे थांबवा. कोणाचं नाव मी घेत नाही, पण तुमच्या संघटनांनी आपल्या सभासदांना हे स्पष्ट लिहून कळवावं.

शिवाय रक्त मोजायचं तर रक्त कशाकशानं बदलतं तेही पाहावं लागतं. चहा-कॉफीतल्या कॅफिननं मेंदूतला प्रवाह कमी होतो. आजारावरच्या गोळ्यांनी मेंदूच्या आतल्या काही भागांतला प्रवाह वाढतो. डोकं जरा हललं की जोडणीचे आकडे बिघडतात. सिगारेटचाही परिणाम होतो, आणि शुभार्थींमध्ये सिगारेट किती चालते हे आपण सगळे जाणतो. माझ्या भावाचा एमआरआय होता त्या सकाळी तो घाबरून चहावर चहा पीत होता. मी बाहेर त्याचं घड्याळ आणि चपला घेऊन बसले होते. आतून हातोडे मारल्यासारखा आवाज येत होता. यंत्र असं ठणठणतं हे ज्याला आधीच आवाज येतात त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "ताई, ते लोक मशीनमधून पण बोलत होते." एका वाक्याची पूर्वसूचना पुरली असती.

स्कॅन नकोच, असं मी म्हणत नाही. वेड्यासारखं वागणं अचानक सुरू झालं, सोबत ताप, फिट, ग्लानी आहे, किंवा उतारवयात पहिल्यांदाच भास होऊ लागले, तर डोक्यात गाठ किंवा मेंदूचा दाह नाही ना, हे पाहायलाच हवं. जोसेप डालमाऊ यांनी २००७ मध्ये वर्णन केलेला, मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर या संदेश घेणाऱ्या रेणूवर शरीराच्याच प्रतिपिंडांनी हल्ला होऊन उद्भवणारा मेंदूदाह सुरुवातीला हुबेहूब मनोविकारासारखा दिसतो. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि ते वेळेत मिळाले तर रुग्ण बरा होऊ शकतो. अशा वेळी एमआरआय, मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदणारा ईईजी, पाठीतलं पाणी तपासणं, जे लागेल ते करा. चिठ्ठी देताना एवढंच सांगा : "दुसरा काही आजार नाही ना, ते बघतोय. हा रिपोर्ट नॉर्मल येईल अशीच आशा आहे. नॉर्मल आला तरी त्याचा त्रास खराच आहे आणि गोळ्या चालू ठेवायच्या आहेत." हे त्या काकांच्या कानावर पडलं असतं तर तो मुलगा रुग्णालयात गेला नसता, असं मला वाटतं.

तुमच्या ओपीडीतली गर्दी मी पाहिलेली आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ मध्ये, सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मनोविकारांच्या, रुग्णांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. त्या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं मला वाटत नाही. जे तुमच्या दारापर्यंत पोचले त्यांचे पैसे आणि धीर महागड्या चित्रांत संपू नयेत. महिन्याच्या गोळ्या, इंजेक्शन, तालुक्याहून यायचं एसटीचं भाडं, यासाठी ते लागणार आहेत. प्रत्येक घराला तुम्हीच वेळ द्यावा असंही नाही. तुमच्याकडचे समाजसेवक, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका हे काम करू शकतात. महिन्यातून एक दुपार नव्या घरांसाठी राखली तरी पुष्कळ होईल.

आणि हा उपकाराचा प्रश्न नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २२ नुसार आजाराचं स्वरूप, उपचारांची योजना आणि त्यांचे दुष्परिणाम यांची माहिती मिळणं हा रुग्णाचा आणि त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीचा हक्क आहे, तोही त्याला कळेल अशा भाषेत. कायदा लागू होऊन २०१८ पासून इतका काळ गेला. मराठीत लिहिलेली अशी माहिती आमच्या गटातल्या एकाही घराला आपणहून मिळालेली नाही.

जे डॉक्टर वैद्यकीय महाविद्यालयांत संशोधन करतात त्यांना आणखी एक सांगायचं आहे. औषध सुरू होण्याआधीच्या रुग्णांचा अभ्यास फार मोलाचा असतो, कारण त्यात आजार आणि गोळ्यांचा परिणाम वेगळे काढता येतात. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत असं काम झालं आहे. तुम्हीही ते करा, आमची माणसं त्यासाठी यंत्रात जाऊन पडायला तयार होतील. पण संमतीपत्र नीट मराठीत द्या, हा स्कॅन अभ्यासासाठी आहे आणि त्यातून तुमच्या मुलाच्या उपचारात बदल होणार नाही हे स्पष्ट सांगा, आणि अभ्यास संपल्यावर काय सापडलं ते आम्हाला येऊन सांगा. आवाज कमी करण्यासाठी डोक्यावर चुंबकीय स्पंद किंवा विजेचा सौम्य प्रवाह देण्याचे उपचार याच संशोधनातून निघाले आहेत. काहींना त्यांचा उपयोग होतो, काहींना होत नाही. पॅकेजचे पैसे घेण्याआधी ही दुसरी बाजूही घरच्यांना कळली पाहिजे.

आमच्या गटानं मराठीत चार पानी पत्रक लिहायला घेतलं आहे. त्यात मेंदू, रक्तप्रवाह, जोडणी, आवाज, 'आळस', आणि स्कॅन कधी लागतो व कधी लागत नाही, एवढंच आहे. मसुदा तयार आहे. तो तपासून चुका दुरुस्त करून देणारे दोन-तीन मनोविकारतज्ज्ञ आम्हाला हवे आहेत. छपाईचा खर्च आम्ही वर्गणीतून करू आणि तुमच्या ओपीडीत प्रती आणून देऊ. संघटनांनी हे पत्र आपल्या सभासदांपर्यंत पोचवावं आणि कोण तपासून देणार ते ठरवावं, ही विनंती.

आपली,
एक शुभंकर